बिनचूक हिंदी

"इसे गिलास मत देना। ऊपर से पानी डाल देना।"

बाईसाहेब मोलकरणीला म्हणाल्या. वाक्य बिनचूक होतं. 'नको'च्या जागी 'मत' घालायचं, हे त्यांच्या तोंडी बसवायला मला आठवडा लागला होता. मी शिकवलेली हिंदी. माझ्यावरच चालवली.

आत चार पाहुण्या बसल्या होत्या. "कितनी साफ हिंदी बोलने लगीं आप!" एक म्हणाली. बाईसाहेब खूश. मोलकरीण लोटा घेऊन उभी. मी व्हरांड्यात, पोत्यावर. फक्त ओंजळ पुढं करायची बाकी होती.



मध्य भारत जाऊन नुकताच मध्य प्रदेश झाला होता. साहेब त्याच सुमारास पुण्याहून बदलून उज्जैनला आले. बाईसाहेबांना हिंदीचा गंध नाही. भाजीवाल्यापुढं रडकुंडीला यायच्या. आम्ही महार, मूळचे मराठी मुलखातले, पण माझा जन्म इथलाच. बाबा गिरणीत, मी मॅट्रिक झालेली. साहेब म्हणाले, "हिला जरा इथलं शिकव. शाळेतल्या नोकरीसाठी मी चिठ्ठी देतो."

तीन महिने शिकवलं. देवास गेटच्या बाजारात भाव कसा करायचा. रामघाटावर मागं लागणाऱ्या पंड्याला कसं वाटेला लावायचं. शेजारणीला 'तुम' नाही, 'आप' म्हणायचं. त्या उंबऱ्याच्या आत खुर्चीवर, मी बाहेर पोत्यावर. बाहेर वारा बरा लागतो, असं मी स्वतःला सांगायची. त्या सांगण्याची किळस मला आजही येते. त्यांच्यापेक्षा जास्त माझी.

मी उठले. पाहुण्यांना कळावं म्हणून हिंदीतच बोलले.

"मैं पानी नहीं पिऊँगी। और आज से पढ़ाऊँगी भी नहीं।"

बाईसाहेब एकदम मराठीवर आल्या. "अगं, चारचौघींत असं बोलतात का? मनाला काय लावून घेतेस!"

मी पायऱ्या उतरले.

दोन दिवसांनी साहेबांचा शिपाई आमच्या वस्तीत आला. चिठ्ठी लिहून ठेवलीय, म्हणाला. महिनाभर आणखी यायचं, मग मिळेल.

बाबा हळूच म्हणाले, "पोरी, नोकरी जाईल हातची."

"जाऊ द्या," मी म्हटलं.

गेलीच. चिठ्ठीशिवाय अर्ज केला, त्याचं उत्तरसुद्धा आलं नाही. बाबा बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. बाईसाहेबांचं काही अडलं नाही. त्यांना येत होती तेवढी हिंदी पुरेशी होती.

खानदेशातून गिरणीत आलेल्या माणसांच्या बायका आता माझ्याकडे येतात. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात त्यांना कुणीही हाकलतं. मी त्यांना पहिल्या दिवशी भाव विचारायला शिकवत नाही. पहिलं वाक्य शिकवते, "मैं यहाँ से नहीं हटूँगी।" ते त्यांच्या तोंडून खणखणीत निघेपर्यंत पुढचा धडा नाही.