पेंड विलायतेला, म्हैस जळगावात

रुपयाची किंमत पडली, त्यानंतरच्या काही वर्षांत दिल्लीने शेंगदाण्याच्या पेंडीवरचा निर्यात कर किती वेळा चढवला नि उतरवला, ते मला विचारू नका, आमच्या म्हशीला विचारा. कर चढला की पेंड जळगावातच राहायची, स्वस्त व्हायची, आणि म्हशीच्या दुधावर बोटभर साय यायची. कुठेतरी वाटाघाटी होऊन कर उतरला की पोती मुंबईच्या बंदराकडे निघायची, साहेबाच्या गायी पोटभर जेवायच्या, आणि आमची म्हैस कडबा चघळत माझ्याकडे बघायची. जणू वाटाघाटींना मीच गेले होते.

त्या एका म्हशीवर आईचा पाच घरांचा रतीब होता. तिच्या दुधात पाणी नसतं, एवढीच तिची पत. मी शाळेत मास्तरीण. परदेशातून मदत म्हणून आलेली दुधाची भुकटी पाण्यात कालवून मुलांना पाजणं माझ्याकडे होतं. आमच्याच पेंडीवर पोसलेल्या गायींचं दूध उपकार होऊन परत यायचं आणि पोचपावतीवर सही मी करायची. फार संताप यायचा.

असाच एकदा कर उतरला. आईचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पेठेतले एक मारवाडी शेठ, आणि पेंड बाहेर धाडण्याचा धंदाही त्यांचाच. आठ दिवसांनी ते दुकानात चार लोकांसमोर आईला म्हणाले, "अक्का, दुधावर साय धरत नाही. तुमच्याकडे नळाला हल्ली पाणी बरं येतं वाटतं."

संध्याकाळपर्यंत दोन घरांनी रतीब बंद केला. आई जेवली नाही.

सकाळी तिने म्हैस सोडली आणि भर पेठेतून शेठच्या दुकानापुढे नेऊन उभी केली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली की पाण्याचा वाद मिटतो, अशी जुनी रीत. तिथे पेंडीची पोती ट्रकवर चढत होती. आई धारेला बसली आणि म्हशीने एका उसवलेल्या पोत्यात तोंड घातलं. शेठ "हट, हट" करत धावले. म्हैस हलेना, आणि आईनेही तिला ओढलं नाही. निवांत धार काढून तिने भांडं शेठच्या हातात दिलं.

"पानी नई शे, शेठ. बठ्ठी पेंड तुम्हीन इलायतले धाडतस, मंग साय बी तठूनच मांगाडा."

दुपारी तेच उष्टं पोतं आमच्या ओट्यावर येऊन पडलं. हमालाने निरोप सांगितला, माल आता परदेशी जाण्याजोगा राहिला नाही, ठेवून घ्या. आईने पोत्याला हात लावला नाही. चार लोकांत बोललात, चार लोकांतच मागे घ्या, असं तिने उलट कळवलं. दोन दिवस म्हैस त्या पोत्याकडे बघत होती, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले. आमच्या ओट्यासमोर, गल्ली ऐकत असताना, खाली मान घालून म्हणाले, "अक्काच्या दुधात पाणी नव्हतं. म्हशीच्या पोटात पेंड नव्हती."

मग आईने पोतं आत घेतलं.