पाणी आणायला गेले तेवढ्यात

आधी माझी तक्रार ऐका, मग नमस्कार. गौराक्कांच्या पंचाहत्तरीच्या या पुस्तकात जो तो लिहितोय की त्यांना माणसाच्या मनातलं कळतं. कळत असेल. पण माझ्या नवऱ्याच्या मनातलं माझ्याआधी त्यांना का कळावं? आता नमस्कार.

गौराक्का अणदुरात आल्या त्या निजामाच्या राजवटीत. दवाखान्यात काम शिकून आलेल्या. घरच्या ओसरीवर मलमपट्टी करायच्या. चालणं ताठ, लुगडं स्वच्छ, बोलणं गोड. मला तेव्हाच आवडल्या नाहीत.

त्याच्या सहा वर्षं आधी आमचे मालक मोट दुरुस्त करताना विहिरीत पडले होते. पाठीच्या कण्याला मार लागला. आठ महिने खाटेवर होते, मग काठी घेऊन हिंडू लागले. संकट टळलं म्हणून आम्ही खंडोबाची तळी भरली.

आणि गौराक्का गावात आल्यावर एक दिवस मालकांनी चुलीवरचं तापलेलं पातेलं उघड्या हातांनी उतरवलं. हूं की चूं नाही. शेजारीण ओरडली, "खंडोबा पावला गं बाई!" लोक पाया पडू लागले. मालकांनी मिशीला पीळ भरला आणि चंपाषष्ठीला पेटती दिवटी तळहातावर घेईन असा नवस बोलून बसले. मीही गावभर मिरवलं. खोटं कशाला लिहू?

गौराक्का घरी आल्या, मालकांच्या तळहातावरचे फोड बघितले आणि म्हणाल्या, "वैनी, देव असा भाजत न्हाय. दोन तांबे पाणी आणा. एक ऊन, एक गार."

मी पाणी घेऊन परत येते तर मालक डोळे पुसत होते. विहिरीतून वर काढलं तेव्हाही हा माणूस रडला नव्हता.

गौराक्कांनी त्यांचे डोळे बांधले. हातावर कापूस फिरवला, तो लगेच कळला. मग ऊन तांब्या लावला.

"ऊन का गार, अण्णा?"

"गारच की."

दुसरा लावला. "ह्योबी गार."

"कधीपासून असं?"

"दोन वरसं झाली, अक्का."

दोन वर्षं! रोज तव्यावरची भाकरी मी त्यांच्या हातात देत होते.

"पाठीचा जुना मार आता हातात चढतोय," गौराक्का म्हणाल्या. सोलापूरच्या डॉक्टरांनीही पुढं तेच सांगितलं. औषध नाही म्हणाले. दिवटीचा नवस गौराक्कांनी सोडायला लावला. मी घसा फोडला तरी न ऐकणारे मालक त्यांच्या एका शब्दावर "व्हय अक्का" म्हणाले. रोज सांजेला हात दाखवायला त्यांच्याच ओसरीवर जायचे. मी काय आंधळी होते?

पुढं बोटांतलं बळ गेलं, भाकरी मोडेना. मी भरवू लागले. घास आधी आपल्या ओठाला लावून बघायचा, ही युक्तीही गौराक्कांचीच. तेवढंसुद्धा माझं राहू दिलं नाही.

मालक गेले ते दहाच्या दहा बोटांनिशी. ते श्रेय गौराक्कांचं. लिहिताना जिवावर येतं, तरी लिहिते.

गौराक्कांनी शंभरी गाठावी. गुडघे धड राहावेत, आठवण तर राहावीच. कारण मी पाणी आणायला गेले तेवढ्यात मालक काय बोलले, दोन वर्षं माझ्यापासून का लपवलं, हे त्यांनी आजवर मला सांगितलेलं नाही. त्यांनी माझ्या ओसरीवर यावं. या खेपेला मी पाण्याला उठणार नाही. उत्तर गौराक्कांनीच द्यायचं. त्यांच्या सुनेनं न्हाय की सत्कार समितीनं न्हाय.