पुसून न टाकलेला निरोप

सुनंदाताईंची आणि माझी ओळख त्यांच्या रागावण्यातून झाली. मेलबर्नच्या पहिल्याच लॉकडाऊनमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी कोरोनावरच्या एका काढ्याचा निरोप कसलीही खातरजमा न करता पुढे ढकलला होता. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. डँडेनॉन्ग उपनगरातल्या रुग्णालयात उभी हयात नर्स म्हणून काढलेल्या ताईंनी माझी बिनपाण्याने केली. शेवटी म्हणाल्या, उद्यापासून माझे निरोप तू रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचे. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ताई सरकारी नियम साध्या मराठीत समजावून सांगत. एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर विचारून सांगते म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगत.

एकदा मात्र त्या स्वतःच चुकल्या. जुनं पत्रक समोर ठेवून, कोरोनाची चाचणी दिल्यावर लगेच कामावर जायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. नवा नियम निकाल येईपर्यंत घरीच थांबण्याचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चूक लक्षात आली. निरोप गुपचूप डिलीट करू, कोणाला पत्ताही लागणार नाही, असं मी सुचवलं.

"आणि ज्यांनी ऐकलाय, त्यांच्या डोक्यातून कसा काढशील?" ताईंनी विचारलं.

लगेच नवा निरोप गेला: "काल मी चुकीचं सांगितलं. चूक माझी आहे." मग मंडळाच्या सभासदांची यादी घेऊन त्या एकेकाला फोन करत बसल्या. ट्रुगानिना उपनगरातले एक गृहस्थ चाचणी देऊन शिफ्टला निघाले होते, ते अर्ध्या वाटेतून परत फिरले. पुढे त्यांचा निकाल पॉझिटिव्ह आला. ताईंना ते फार लागलं, पण संध्याकाळचा निरोप चुकला नाही.

माझी आई तेव्हा भारतातून येऊन इथेच अडकली होती. तिला मधुमेह, आणि लस घेणार नाही हा हट्ट. मी, बहीण, डॉक्टर, सगळे थकलो. एक दिवस ताईंचा लशीबद्दलचा निरोप ऐकून आई आपणहून उठली.

"चुकले तर चुकले म्हणणारी बाई आहे ती," आई म्हणाली. "ती सांगते तर चल."

ताई, आज तुम्ही पंचाहत्तर वर्षांच्या झालात. आम्हाला तपासण्यांना पिटाळता आणि स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलता, हे काही बरं नव्हे. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. हा लेख आईला वाचून दाखवला, तेव्हा तिने एकच वाक्य घालायला सांगितलं:

"त्यांना म्हणावं, मी अजून आहे."