हळदीच्या गोदामातला कंदील

या, जवळ बसा. पोलिसाची आठवण म्हटली की तुम्हाला पिस्तूल आणि पाठलागच पाहिजे. गोदाम म्हटलं की लगेच तोंड वाकडं करता! ऐका जरा. कुरुंदा गावाकडची ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

ठाण्यात फोन आला. हळदीच्या गोदामात दोन हमाल कोसळले होते. गोदामाचे शेठ सांगत होते, "चहावालीनं विष घातलं, मॅडम." आम्ही पोचेपर्यंत दोघांना दवाखान्यात नेलं होतं आणि टपरीवाल्या मावशीभोवती माणसांचा गराडा पडला होता. मी तिला जीपमध्ये बसवलं. अटक म्हणून नाही, वाचवायला. ती एकच म्हणत होती, "बाई, त्योच चहा मी बी पिले. मला काहून काही झालं न्हाई?"

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. "विष पोटात गेलंय की छातीत, ते सांगा. तोवर मी अंदाजानं उपचार करतोय." गॅसची शंका त्यांनीच काढली, म्हणून अग्निशमन दलाला बोलावलं.

शेठ घाई करत होते. "तिनं हमालांना चहा दिलेला थर्मास आत पडलाय, पुरावा उचला की!" एका म्हाताऱ्या हमालानं कंदील बांबूला बांधून शटरखालून आत सरकवला. विहिरीत उतरण्याआधी आमच्याकडे असंच बघतात. ज्योत स्थिर. "हवा बराबर हाय, बाई." मी कॉन्स्टेबलला खूण केली. तो वाकलासुद्धा.

"थांबा!" अग्निशमनचा जवान ओरडत आला. त्यानं बारीक नळी आत सोडून हवा यंत्रात ओढली. त्यात डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा किरण असतो; गॅस त्यातला आपला वाटा गिळतो, आणि किती गिळला त्यावरून आकडा येतो. आकडा चढतच गेला. "फॉस्फिन. पोत्यांतली कीड मारायच्या धुरीच्या गोळ्यांचा विषारी गॅस."

"शेठ, गोळ्या कधी टाकल्या?"

"टाकल्याच न्हाईत. मशीन बिघडली आसंल."

मी आवाज चढवला नाही. "बरं. मग थर्मास तुम्हीच आणा."

ते शटरपर्यंत गेले. वाकले मात्र नाहीत. मान खाली घालून म्हणाले, "काल सांजेला टाकल्या, मॅडम. गाडी भरायची घाई होती. हमालांना सांगितलं न्हाई."

तिथूनच डॉक्टरांना कळवलं. दोघे वाचले, एकाच्यानं पुन्हा पोतं उचलवलं नाही. शेठवर गुन्हा दाखल झाला.

कंदील खोटं बोलला नव्हता, बरं का. हवेत जीव आहे का, एवढंच तो सांगतो. विष आहे का, हे त्याला कळतच नाही. आयुष्यभर माणसांना नेमके प्रश्न विचारले, आणि त्या दिवशी अर्ध्या उत्तरावर एक पोरगं आत धाडत होते.

मावशीच्या टपरीवर मात्र पुढे कितीतरी दिवस कुणी फिरकेना. मग मी वर्दीतच, भर चौकात उभी राहून रोज तिचा चहा प्यायला लागले. आता बसायला जागा मिळत नाही तिथं. तुम्ही या बघू लवकर आमच्या गावाकडे, माझ्याकडेच उतरा. तिच्याकडे मी नेते.