काकीचं माहेर आणि गेटवरचं ॲप

नोकरीतून मोकळा झालो आणि मला इतिहासाची खाज सुटली. लोक योगा करतात, मी उल्हास नदीकाठची उठून गेलेली गावं शोधायला लागलो. त्यासाठी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून हवा भरायची कयाक आणली. दुकानदार म्हणाला, "साईं, ओरिजिनल से भी अच्छा माल है." ओरिजिनलपेक्षा ती एकाच बाबतीत सरस होती, हवा फार पटकन सोडायची. जलपर्णी बाजूला सारत मी वल्हवत जायचो, एखादं पडकं जोतं दिसलं की फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचो: 'विस्मृतीत गेलेलं आणखी एक गाव.' खाली अंगठ्यांची रांग लागायची. मोठमोठे इतिहासकार आपल्यापुढे पाणी भरतील असं मला वाटू लागलं होतं.

असाच एक फोटो बदलापूर गावातल्या माझ्या काकीला कौतुकाने दाखवला. ती भडकलीच.

"इसरलंय कोन रं मेल्या? माजं म्हायेर हाय त्यं. मी जिती हाय नं?"

काकीला माहेर आहे हे मला ठाऊक होतं. ते कुठे, हे विचारायचं इतक्या वर्षांत या संशोधकाला सुचलं नव्हतं! जमिनी बिल्डरकडे गेल्या, घरं उठली, भाऊ पांगले. गावदेवी तेवढी नदीकाठी राहिली. काकीला तिची एकदा ओटी भरायची होती. गुडघे पार गेले होते, पुढच्या वर्षी घराबाहेर तरी पडता येईल की नाही, याची तिला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने गेलो. गेटवर कुठल्याशा परदेशी शहराचं नाव, आत टोलेजंग इमारती, आणि एकाही गॅलरीत वाळत घातलेलं कापड नाही. सगळे फ्लॅट म्हणे इन्व्हेस्टमेंटचे.

"किसके यहाँ जाना है?" वॉचमनने विचारलं.

"गावदेवीकडं," काकी म्हणाली.

त्याने प्रामाणिकपणे ॲपमध्ये शोधलं. "ऐसा कोई रेसिडेंट नहीं है."

फ्लॅटवाल्याने मोबाइलवर हो म्हटल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम. आणि हो म्हणायला आत राहतंय कोण? ओसाड गावं शोधत मी वर्षभर चिखल तुडवत होतो, इथे बिल्डरने लिफ्टसकट कोरं करकरीत ओसाड गाव बांधून ठेवलं होतं. मी हुज्जत घातली, आवाज चढवला, कुणाकुणाच्या ओळखी सांगितल्या. काडीचा उपयोग झाला नाही.

"तुजी ती फुग्याची होडी कुटं हाय?" काकीने विचारलं.

नदीच्या बाजूला भिंत नव्हती. भिंत घातली तर रिव्हर व्ह्यू कसा विकणार?

घरून कयाक आणून फुगवली आणि काकी लुगडं सावरत तीत बसली. मांडीवर नारळ, खण, तांदूळ. लाइफ जॅकेट घालायला साफ नकार. मी जीव मुठीत धरून वल्हवत होतो आणि ती मला कुठे भोवरा आहे ते दाखवत होती.

उंबराखाली देवी होती. शेंदूर फासलेला, नारळाएवढा बिनघडीव दगडाचा तांदळा, शेजारी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. काकीने गोण्या बाजूला फेकल्या, देवीला पाणी घातलं, कुंकू लावलं, ओटी भरली. आणि मग ढसाढसा रडली. मी फोटोसाठी काढलेला मोबाइल गुपचूप खिशात टाकला.

"हितं येकली कोनाची वाट बगतंस गो?" तिने देवीला विचारलं. डोळे पुसले, स्वतःचा पदर पसरला आणि दोन्ही हातांनी तांदळा उचलून ओटीत घेतला.

माझी पाचावर धारण बसली. "काकी! गावदेवी अशी उचलत नाहीत! कौल लावावा लागतो, आधी गाव जमवावं लागतं!"

"जमव की," काकी म्हणाली.

मी वर पाहिलं. इतक्या खिडक्या, एकही उघडी नव्हती.

परतताना प्रवाह उलटा. घामाघूम होऊन मी सपासप वल्हं मारत होतो. काकीने दोन्ही हात पदरावर धरले होते.

"जरा हलू मार रं," ती म्हणाली. "बाई पयल्यांदाच गाव सोडतेय."