वाजवणाऱ्याचा सत्कार

शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह! माणसाला गप्प बसवायला आपल्याकडे एवढं पुरतं. माझ्या बापालाही असंच बसवायला निघाले होते, वर्तकनगरच्या भरल्या हॉलमध्ये.

बाबा विनोदी पेटीवाले. हळदीला, गणपतीत, सोसायटीच्या पूजेला त्यांची पेटी ठरलेली. भजन छान रंगात यायचं आणि नेमक्या जागी भलताच सूर लागायचा. मग हा माणूस पेटीला झापणार, तिची माफी मागणार, तिला थंडी वाजत असेल म्हणून स्वतःचा रुमाल तिच्यावर घालणार. लोक हसून लोळायचे. घरी आम्ही लोळत नव्हतो. शहाडच्या कारखान्यातली चांगली पर्मनंट नोकरी यांनी सोडली, का, तर म्हणे साहेब हसत नाही! एकदा कुठल्याशा ऑर्केस्ट्राबरोबर कोकणात गेलेले, ते थेट शिमगा उलटल्यावर उगवले. आईला पत्ताच नाही. आमच्या कोपरच्या घरून कुठे जायचं झालं तर स्कूटरवर मागे पेटी आणि आई रिक्षाने. "पेटीला एकटीला भीती वाटते गं." तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. अजूनही जाते.

मग आई गेली, आणि पाठोपाठ बाबांना कंपवात झाला. हात थरथरायला लागले, कार्यक्रम बंद पडले. अशात ठाण्याच्या एका मंडळाने सत्काराला बोलावलं. बाबांनी फोनवर एकच विचारलं, "वाजवायला मिळेल ना?"

"अहो काका, म्हणजे काय! मिळणारच."

महिनाभर आमच्या घरात पेटीचा भाता हलत होता. हा शेवटचाच कार्यक्रम, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

प्रमुख पाहुणे उगवले उशिरा. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, भाषणांवर भाषणं. त्या शहाण्या पाहुण्याने बाबांना तबलजी म्हटलं, तबलजी! शाल घातली, फोटो काढले, आणि निवेदक म्हणाला, "वेळेअभावी आपण आभारप्रदर्शनाकडे वळूया." बाबा मांडीवर नारळ धरून पेटीकडे बघत राहिले.

माझं डोकंच सटकलं. उठले आणि ओरडले, "ओ, माझा बाप वाजवायला आलाय! ती शाल घाला चुलीत!" निवेदकाने मुकाट्याने माइक पेटीपुढे सरकवला.

बाबांनी त्या दिवशी गंमत केली नाही. आईच्या आवडीचं भजन धरलं, साधं, सरळ. पण बोटं ऐकेनात. पहिल्याच ओळीत सूर घसरला. थांबले, पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच घसरले. आणि लोक हसायला लागले! टाळ्या, शिट्ट्या, "वन्स मोअर!" वाटलं, एकेकाच्या कानाखाली आवाज काढावा. अरे गाढवांनो, तो मुद्दाम चुकत नाहीये रे!

बाबांनी कपाळावरचा घाम पुसला. मग पेटीला झापलं, तिची माफी मागितली. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

स्टेशनकडे येताना रिक्षात त्यांनी पेटी मांडीवर घेतली होती. मग म्हणाले, "आज तरी तिला धड ऐकवायचं होतं गं."

"मग ती होती तेव्हा का नाही ऐकवलंत?" मी भर रिक्षात किंचाळले.

बाबांनी रुमाल काढला आणि पेटीवर घातला.