रेमाच्या घरचं धुणं

थानपारीला रडणाऱ्यांचा राग नव्हता. रडता रडता कामाचा विचका करणाऱ्यांचा होता, आणि त्या आठवड्यात त्लांगपार गावात दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

रेमा मंगळवारी गेला. वय सतरा. गावाबाहेरच्या मैदानावर व्हॉलीबॉल चालला होता. चेंडू मारायला पोरगं उंच उडालं, खाली आलं ते उठलंच नाही. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयात जन्मापासून दोष होता. कुणाला पत्ता नव्हता. बुधवारी दुपारी त्याला पुरलं. खड्डा त्याच्याच मित्रांनी खणला. आमच्याकडे कबर गावच्या तरुण पोरांनीच खणायची असते, मजूर लावले तर गावाला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

थानपारी ख्रिस्ती तरुण संघाची चिटणीस. तरुण आपलं म्हणायचं म्हणून, बाईंना सेहेचाळिसावं लागलं होतं. लग्न केलं नाही, त्यामुळे संघातून नाव कमी झालं नाही. दर वर्षी निवडणुकीला ती म्हणायची, "यंदा तरी दुसऱ्या कुणाला करा," आणि दर वर्षी सगळे खाली मान घालून आपापले अंगठे बघत बसायचे. अशी अठरा वर्षं गेली. शिवणाचं दुकान सांभाळून तिनं गावातली पस्तीसेक मयतं पार पाडली होती. लाकडं कोण आणणार, भात कोण रांधणार, बाकडी कुणाकडची, चहाबरोबरचा गूळ कुणाकडचा, सगळं तिच्या वहीत. मयताचं घर आम्ही एकटं सोडत नाही. आठवडाभर तरी संघाची पोरंपोरी तिथंच गातात, जेवतात, झोपतात, झाडलोट करतात, पाणी भरतात. घरच्यांना रिकामं घर खायला उठू नये म्हणून. थानपारीच्या यादीत रिकामी अशी एक घटका शोधून सापडली नसती.

पण ती मयतं म्हाताऱ्याकोताऱ्यांची. या वेळी संघातलंच पोर गेलं होतं आणि सगळ्या संघानं हातपाय गाळले होते. पाण्याला पाठवलेली पोरं झऱ्यावर एकमेकांच्या गळ्यात पडून बसली. भात करपला. चहात एकदा मीठ पडलं आणि लोकांनी तो दुःखाचा चहा समजून गुमान पिऊन टाकला. लाकडाला पाठवलेला मुआना रिकाम्या हातानं परत आला.

"लाकडं?"

"ऊ पारी, आम्ही गेलो होतो गं. पण तिथं रेमाचा कोयता दिसला, आणि मग..." सगळा संघ तिला असंच थोरल्या बहिणीचं 'ऊ' लावून हाक मारी.

"आणि मग कोयत्यापाशी बसून रडलात. बरं केलंत. आता जा, त्याच कोयत्यानं तोडून आणा. रडायला ना नाही, तोडता तोडता रडा!"

पोरांचं एक वेळ समजू शकतं. थोरामोठ्यांनी तर ताळ सोडला होता. चर्चमधले ज्येष्ठ, उपा रोझामा, रोज तीन वेळा येऊन बोलत. रेमा म्हणे आज्ञाधारक. रेमा म्हणे मितभाषी. रेमा म्हणे प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी हजर. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, इथं तर दुधाचा पूर चालला होता. मागच्या बाकड्यावर थानपारी दात आवळून बसून राही. सगळ्यांच्या आधी! तो पोरगा शेवटच्या गीताच्या शेवटच्या कडव्याला खिडकीतून आत यायचा. पण हे बोलून दाखवायची ती जागा नव्हती.

या सगळ्यात रेमाची आई मधल्या खोलीत चटईवर बसलेली असे. नवरा पाच वर्षांपूर्वी वारलेला, घरात ही आणि रेमा दोघंच. तिच्या उजवीडावीकडे कायम दोघीतिघी बसलेल्या. ती उठली की त्या उठत. आलेल्याला ती बस म्हणे, चहा घेतलास का विचारी. तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. "केवढा विश्वास आहे हिचा!" बायका म्हणत. थानपारीलाही तसंच वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात कीमी आणि आणखी चार पोरी मुसमुसत होत्या. समोर मोहरीचा पाला निवडायचा पडलेला, निवडला जात होता दर पाच मिनिटांनी एक देठ. थानपारीचं डोकं फिरलं.

"उठा! हे मी बघते. तुम्ही घरातलं सगळं धुणं काढा. पाण्यात हात असले की डोळ्यांतलं पाणी थांबतं."

आणि काय सांगावं, त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलेलं काम चोख केलं. पडदे, चादरी, घोंगड्या, पायपुसणी, पोरींनी काही म्हणता काही सोडलं नाही. पाणी उकळलं, सोडा टाकला, बडव बडव बडवलं. दुपारपर्यंत घरामागच्या उतारावर तीन दोऱ्या भरल्या. थानपारीनं वहीत बरोबरची खूण केली आणि कीमीला शाबासकीसुद्धा दिली.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर रेमाची आई उठली आणि पहिल्यांदाच रेमाच्या खोलीत गेली. बरोबरच्या बायका दारात थांबल्या. थोड्या वेळानं ती बाहेर आली.

"दाराआड खिळ्याला त्याची निळी जर्सी होती गं. कुठाय?"

कीमीचा चेहरा उजळला. "धुतली ना! उशीचा अभ्रासुद्धा धुतला. घामानं नुसती कडक झाली होती जर्सी. तीनदा साबण लावला, तेव्हा कुठं कॉलरचं काळं निघालं."

"हो का," रेमाची आई म्हणाली. "फार कष्ट घेतलेत गं पोरींनो."

दुसरं ती काय म्हणणार? न सांगता दुसऱ्याच्या उपयोगी पडावं ही आमची रीत, आणि कुणी उपयोगी पडलं तर त्यात खोट काढू नये हीही रीतच.

थानपारी तेव्हा मोठं पातेलं घासायला घरामागं गेली होती, म्हणून तिला दिसलं. रेमाची आई दोरीपाशी आली. जर्सी खाली घेऊन तिनं तोंड त्यात खुपसलं. मग काखेपाशी. मग कॉलरपाशी. मग अभ्रा घेतला. मग चादर. एकेक कपडा हुंगत ती दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तिथून दुसऱ्या दोरीला लागली. शेवटी परत येऊन जर्सी नीट झटकून होती तिथं वाळत घातली आणि तिला चिमटा लावला. आत जाऊन उपा रोझामांना तिनं विचारलं, "चहा घेणार ना?"

थानपारीच्या हातातली राख हातातच राहिली. आणि मग तिला आला तो राग, नेहमीसारखा, पहिल्यांदा दुसऱ्यावर. कीमीला दंडाला धरून तिनं चुलीमागं ओढलं.

"अक्कल कुठं गहाण टाकलीस? मेलेल्या पोराच्या अंगातली जर्सी धुवायची असते? कुणी सांगितलं होतं तुला?"

कीमी भेदरली. "तूच सांगितलंस ऊ पारी. सगळं धुणं काढा म्हणालीस."

थानपारीनं वही उघडली. गुरुवार. 'धुणं, सगळं. कीमी आणि चौघी.' अक्षर तिचंच. 'सगळं'च्या खाली रेघसुद्धा मारलेली होती. तिनं कीमीचा दंड सोडला.

मधल्या खोलीत उपा रोझामा घसा खाकरत होते. "आता आपण प्रत्येकानं आपल्या प्रिय रेमाचा एकेक सद्गुण..."

"उपा," थानपारी दारातून म्हणाली, "सद्गुण पुरे झाले. सगळ्यांनी घरी जायचं. संध्याकाळपर्यंत इथं कुणी पाऊल टाकायचं नाही."

असलं काही गावानं कधी ऐकलंच नव्हतं.

"थानपारी, दुःखाचं घर रिकामं ठेवायचं?" उपांचा आवाज चढला. "पलीकडच्या गावाला कळलं तर काय म्हणतील?"

"म्हणतील, त्लांगपारच्या चिटणीसबाईचं डोकं फिरलं. म्हणू देत."

"दुःखात माणसाला सोबत करावी."

"सोबत करा की. मांडीवर बसू नका!"

उपा उठले. ते उठल्यावर बाकीचे उठले. पण बाहेर पडणं का सोपं होतं? दारात चाळीस-बेचाळीस जणांच्या चपलाबुटांचा ढीग. अंधार पडल्यासारखे सगळे त्यात चाचपडत बसले. कुणाचा डावा सापडेना, कुणी दोन उजवेच घालून निघालं, मुआनाला तर एकच बूट मिळाला आणि तो दुसऱ्यासाठी पुन्हा रडायला लागला. "अनवाणी जा!" थानपारी ओरडली. "पण जा!" अर्ध्या तासानं कुठं घर मोकळं झालं.

तीही जाणार होती. पण एक काम उरलं होतं आणि ते कुणाच्या नावावर टाकता येण्यासारखं नव्हतं. रेमाची आई चुलीपाशी येऊन बसली होती. थानपारी समोर उभी राहिली.

"धुणं मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "पोरींची चूक नाही."

"माहीत आहे. तू बोललीस की खालच्या वाडीपर्यंत ऐकू जातं."

"चुकलं माझं."

"हो," रेमाची आई म्हणाली. "चुकलं. कशालाच त्याचा वास राहिला नाही. सगळ्याला नुसता साबणाचाच येतोय."

थानपारी तशीच उभी राहिली. अठरा वर्षांत दुःखाच्या घरी ती हात बांधून अशी कधी उभी राहिली नव्हती.

"बस," रेमाची आई म्हणाली. "काही करू नकोस. गाऊ तर मुळीच नकोस." मग म्हणाली, "तीन दिवस सगळे मला सांगतायत, तो किती गुणी होता. लवकर उठायचा काय, उलट बोलायचा नाही काय. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं, हे बोलतायत कुणाबद्दल? माझा पोरगा दहा हाका मारल्याशिवाय कूस बदलायचा नाही. कपडे धुतले ते धुतले, पोराचंही काही ठेवलं नाही यांनी. तुझं त्याचं कधी पटलं नाही. तू मात्र तीन दिवस एक शब्द बोलली नाहीस."

"मी काय बोलणार? माझ्याजवळ त्याच्याबद्दल नुसत्या तक्रारी आहेत."

"मग त्या सांग."

"अगं, गेलेल्याबद्दल असं..."

"ऊ पारी, सांग."

सुरुवात थानपारीनं चाचरतच केली. "उशीर. दर बैठकीला उशीर. आणि कारण म्हणून एक धड देईल तर शपथ. एकदा म्हणाला, कोंबडी माझ्या बुटात अंडं घालत होती, तिला उठवणं बरं दिसेना."

रेमाच्या आईच्या ओठाचा कोपरा हलला.

मग थानपारीला जोर चढला. "नाताळच्या जेवणाचं शिजतं डुक्कर याला राखायला बसवलं. येऊन बघते तर कलेजी गायब! आणि वर मलाच सांगतो, मीठ जरा कमी आहे हं ऊ पारी. गाण्याच्या तालमीला पोरींच्या शाली एकमेकींना बांधून ठेवायचा. आणि माझी नक्कल! मी पाठ वळवली की हा माझ्यामागं माझ्यासारखा चालायचा. सगळा संघ खिदळायचा. मी वळून बघावं तर हा असा उभा, की याच्यासारखा साधू नाही."

"इथंही करायचा," रेमाची आई म्हणाली. ती उठली, फळीवरचं ताट काढून तिनं वहीसारखं काखेत मारलं, मान पुढं काढली आणि दोन्ही पाय बाहेर फेकत स्वयंपाकघरातून चालू लागली. "असा. 'लाकडं कुठायत? गूळ कुठाय? मेलात का सगळे?'"

थानपारी बघतच राहिली. ती तिचीच चाल होती, आणि ती तिची नव्हतीच. तो ढोपरातून घेतलेला हिसका, वळताना ती एक भुवई वर करणं, सगळं रेमाचं होतं. ती हसत सुटली. रेमाची आईही हसली. हसता हसता ताट तिच्या काखेतून खाली पडलं, ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं, गळा काढून रडायला लागली.

बाहेर कुंपणापाशी हालचाल झाली. कशाचे घरी गेलेत! निम्मा संघ रस्त्यावर दबा धरून होता, आणि आवाज ऐकून धावत निघाला होता. थानपारी दारात गेली. ती ओरडली नाही, नुसता हात वर केला. पोरं जागच्या जागी थांबली.

ती आत आली, जमिनीवर बसली.

"आणखी सांग," डोळे पुसत रेमाची आई म्हणाली.

"नाही आता."

"आहे. तुझ्या तोंडावर दिसतंय."

थानपारी आपल्या हातांकडे बघत राहिली. "मंगळवारी मी त्याला पाच वाजता बोलावलं होतं. चर्चमधली बाकं हलवायला. सव्वापाच झाले, साडेपाच झाले, पत्ता नाही. म्हणून मीच निघाले मैदानाकडं. वाटभर शिव्या घालत होते त्याला. आळशी, कामचुकार, येऊ दे समोर, दोन थोबाडीतच देते, असं." तिनं हात उपडे करून मांडीवर ठेवले. "तो तिथं पडला होता गं, आणि मी त्याला शिव्या देत येत होते."

रेमाची आई सरकून तिच्या शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

"देत होतीस तर देत होतीस," ती म्हणाली. "तुझ्या शिव्या त्यानं कधी मनावर घेतल्या होत्या?"